नदीकाठचे गाव आणि आपली पुंजी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या प्रॉव्हिडंट फंडाचे काय करावे, हा प्रश्न आपल्या घराघरांतून चर्चिला जातो आणि पुष्कळदा त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते : महाडला एखादा ब्लॉक घेऊन ठेवावा. बिरवाडीकडील औद्योगिक वसाहतीत रासायनिक व औषधी कारखाने आहेत, बाहेरगावचा नोकरवर्ग तेथे येतो, त्यास बिऱ्हाड हवे असते, भाडे येत राहील. हा हिशेब खोटा नाही. परंतु तो अर्धा आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी बोलावयास आम्ही उभे आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. वकिलीचा वा इंजिनिअरीचा अधिकार आम्हांस नाही. भूगोल मात्र पुष्कळ वर्षे शिकविला, तेव्हा आरंभ तेथूनच करतो.

सावित्री महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावते, पोलादपूरावरून उतरते आणि महाडास येते. रायगडाच्या बाजूची काळ नदी तिला मिळते. महाडाजवळच गांधारीही येऊन मिळते. पुढे दासगावावरून हे सारे पाणी बाणकोटच्या खाडीने समुद्रास जाते. महाड समुद्रकाठी नाही खरे, पण भरतीचे पाणी खाडीतून महाडापर्यंत चढते. म्हणजे वरून डोंगराचे पाणी आणि खालून समुद्राचा रेटा, अशा कात्रीत हे गाव वसले आहे. चवदार तळ्यावरील १९२७ च्या सत्याग्रहामुळे ज्या गावाचे नाव साऱ्या देशास ठाऊक झाले, त्या गावाचा हा स्वभाव मात्र तेथे घर घेऊ पाहणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसतो.

२०२१ च्या जुलैचेच पाहा. २२ तारखेस घाटमाथ्यावर पावसाने कहर केला; महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २४ तारखेस गुरुपौर्णिमा होती, म्हणजे दिवस उधाणाचे. बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले. २२ तारखेसच महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही तोच प्रसंग आला. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्याच होत्या. तेव्हा पुरास भिऊन डोंगराच्या कुशीत प्लॉट घेणारानेही निर्धास्त राहू नये. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री तर ब्रिटिश अमदानीतील सावित्रीवरचा महामार्गाचा पूलच वाहून गेला आणि त्यासंगे दोन एस.टी. गाड्या गेल्या.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, महाड पाहावयास दिवाळीच्या सुटीत जाऊ नये. त्या दिवसांत सारेच गाव गोजिरवाणे दिसते, आणि दलालही तेव्हाच बोलावतो. आषाढात जावे. दोन रात्री मुक्काम करावा. पेठेतील एखाद्या जुन्या दुकानदारास विचारावे, ‘पाणी कुठवर आले होते?’ तो तोंडाने सांगत नाही. भिंतीवर हात ठेवून दाखवतो. त्या हाताच्या उंचीवरून आपला तळमजला, जिना, विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप कोठे आहेत हे पाहावे. जलसंपदा खाते नदीकाठी पूररेषा आखते : निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपला सर्व्हे नंबर या रेषांच्या आत की बाहेर, हे नगरपरिषदेत लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर आमचा विश्वास नाही, आणि आपणही ठेवू नये.

आता थोडे कटू बोलतो. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत सायंकाळी कोसळली. सोळा माणसे मृत्यू पावली. इमारत जुनी म्हणावी अशीही नव्हती. भाड्यासाठी घर घेणारा स्वतः त्या छताखाली निजत नाही. निजतो तो कारखान्यातून पाळी संपवून आलेला भाडेकरू, त्याची बायको, त्याची मुले. त्यांच्या जिवाचा हिशेब आपल्या भाड्याच्या वहीत कोणत्या रकान्यात मांडावयाचा? ज्यास केवळ चौरस फुटाचा भाव ठाऊक आहे, त्याने ही खरेदी करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वतःच्या पैशाने स्वतंत्र इंजिनिअर नेऊन खांब व तुळया तपासून घ्याव्यात. विकणाराने नेमलेला इंजिनिअर चालणार नाही.

कागदांविषयी थोडक्यात. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि बिगरशेतीचा आदेश पाहावा. नवी इमारत असल्यास महारेराची नोंदणी पाहावी. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावर वा आठांहून अधिक सदनिकांच्या योजनेस ती बंधनकारक आहे. पोलादपूरकडे शेतजमीन घेण्याचा विचार असेल, तर १९४८ च्या कायद्याप्रमाणे परवानगीवाचून बिगरशेतकऱ्यास ती घेता येत नाही. आपल्यापैकी ज्यांचा सातबारा कुळकायद्यात गेला, त्यांनी आपण कागदोपत्री अद्याप शेतकरी आहोत काय, हे आधी तलाठ्याकडून जाणून घ्यावे. वसाहतीतील औद्योगिक भूखंडाची गोष्ट निराळी. तो विकत मिळत नाही, महामंडळाकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो, आणि महामंडळाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या नावे होत नाही. ‘मालकी हक्काने देतो’ असे कोणी म्हणाला, तर त्याच्या घरचा चहा घ्यावा आणि उठावे.

आणखी एक गोष्ट. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वसाहतीतील एका औषधी कारखान्यात स्फोट होऊन आग लागली, कामगार मेले. कारखान्याच्या कुंपणालगतचे बिऱ्हाड स्वस्त का मिळते, याचे उत्तर त्यात आहे. वाऱ्याची दिशा कोणती, रात्री वास येतो काय, विहिरीचे पाणी कसे आहे, हे तेथे राहणाऱ्या गृहिणींस विचारावे. पुरुष बहुधा पाळीवर असतात आणि त्यांना वासाची सवय झालेली असते.

आमच्या परिचयातील काही मंडळींनी महाडात चांगली घरे घेतली आहेत : उंच जोत्यावर, नदीपासून दूर, आणि सारे कागद पाहून. त्यांना भाडेही मिळते. त्यांपैकी जे येथे बसले आहेत, त्यांनी आता पुढे येऊन आपले अनुभव सांगावेत, अशी अध्यक्षांच्या अनुमतीने विनंती करतो.