मामाची हार्ड डिस्क आणि सव्वीस तास

आजचा भाग जरा घरचाच आहे. गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहाला साताऱ्याहून मामाचा फोन आला. मामाचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नं, बारशी, साखरपुडे सगळं करतो. म्हणाला, "अरे, हार्ड डिस्क लावली तर कॉम्प्युटर काही दाखवतच नाही. अख्खं लग्न आहे त्यात."

लग्न महिन्यापूर्वीचं, एडिटिंग बाकी. आणि लग्नानंतर अकराव्या दिवशी नवरीचे आजोबा गेले. मांडवात त्यांनी माईक हातात घेऊन नातीला आशीर्वाद दिला होता, तो व्हिडिओ याच डिस्कवर. मी म्हटलं, कॅमेऱ्याची कार्डं? तर ती फॉरमॅट करून मामाने पुढची चार लग्नं त्याच कार्डांवर शूट केली होती. म्हणजे तो रस्ता बंद.

मी विचारलं, "किती वेळा लावून काढलीस?"

"असेल पंधरा-वीस वेळा."

"मामा, आता हात लावू नकोस. मी सकाळी निघतो."

आता हे मी का म्हटलं? पोर्टेबल डिस्कच्या आत एक चकती मिनिटाला बहुतेक वेळा 5400 फेऱ्या मारत असते, आणि तिच्यावर वाचणारं हेड तरंगत असतं. दोघांतलं अंतर आपल्या केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट कमी. पृष्ठभागावर कुठे ओरखडा पडला असेल तर डिस्क प्रत्येक वेळी सुरू करताना तो वाढू शकतो. म्हणून मी फोनवरच दुसरा प्रश्न विचारला होता, आवाज कसा येतो? टक-टक-टक असा येत असेल तर विषय संपला. घरी काही करायचं नाही, स्वच्छ खोली असलेल्या लॅबकडे पाठवायची. मामा म्हणाला, फक्त फिरल्याचा येतो. तिथे मला जरा आशा वाटली.

स्वारगेटवरून पहिली एसटी पकडली. पोहोचलो तर मामीने फ्रीजरमध्ये आमरसाच्या डब्याशेजारी जागा करून ठेवलेली! शेजारच्या दुकानदाराने सांगितलं होतं, डिस्क गार केली की चालते. कृपा करून हे करू नका. बाहेर काढल्यावर आत दमट हवेचं पाणी होतं, आणि मग लॅबवालेही हात टेकतात. दुसरा वाचलेला प्रसंग म्हणजे, मध्ये एकदा विंडोजने 'डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारलं होतं आणि मामाने कॅन्सल दाबलं होतं. याबद्दल मी त्याला तिथेच चहा पाजला.

मंडळी, 'दिसत नाही' या शब्दात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कधी फक्त केबल गेलेली असते. कधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसते, फक्त तिला ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं, किंवा पार्टिशन बिघडलेलं असतं. आमच्याकडे केबल बदलली, पोर्ट बदलला, तरी डिस्क क्षणभर दिसायची आणि गायब.

मग डबी उघडली. डबी म्हणजे बाहेरचं प्लास्टिक हं, डिस्कचं धातूचं झाकण नाही! आत साधी लॅपटॉपची साटा डिस्क आणि तिला यूएसबीशी जोडणारं एक छोटं सर्किट बोर्ड असतं. बऱ्याचदा मरतं ते बोर्ड, डिस्क ठणठणीत असते. पण सगळ्यांचं असं नसतं. काहींमध्ये यूएसबी डिस्कच्याच सर्किटवर असतं, आणि काही बोर्ड डेटा एन्क्रिप्ट करून लिहितात, म्हणून जुनं बोर्ड फेकायचं नाही.

स्टुडिओच्या डेस्कटॉपला डिस्क थेट साटा केबलने जोडली आणि बायोसमध्ये तिचं नाव आलं. मामाने टाळीच वाजवली. मी नाही. कारण विंडोज सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागली. मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, स्मार्ट रिपोर्ट पाहिला. वाचता न येणारे, प्रलंबित सेक्टर 400च्या वर. म्हणजे बोर्ड खराब होतंच, आणि डिस्कही मरायला लागली होती.

इथे मी थांबलो. डेटा माझा नव्हता, खरं तर मामाचाही नव्हता. लॅबला पाठवणं जास्त सुरक्षित, पण खर्च मोठा. मी म्हटलं, मामा, त्यांना फोन कर आणि खरं सांग. मामाने अर्धा तास टाळलं, मग केला. नवरीचे वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, घरच्या माणसाला जमत असेल तर करू दे, पण आवाज बदलला की थांबवा.

पोवई नाक्यावरून 2 टीबीची नवी डिस्क आणली आणि डीडीरेस्क्यू लावलं. हे फुकट मिळणारं टूल आहे. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं, खराब जागा टाळून पुढे जातं आणि मग शेवटी मागे येऊन त्या कुरतडत बसतं. कुठवर आलो याची नोंद नकाशा फाइलमध्ये ठेवतं. भीती एकाच गोष्टीची असते, कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं ही दोन नावं उलटी पडली तर नव्या डिस्कचा रिकामेपणा जुन्या डिस्कवर लिहिला जातो. मी दोन्हींचे सीरियल नंबर मामाला मोठ्याने वाचायला लावले. तीन वेळा. मग एंटर.

पहिल्या पाच तासांत जवळजवळ सगळं आलं. उरलेल्या थोडक्यासाठी एकवीस तास! रात्री दोनला लाइट गेली, यूपीएसने जेमतेम मशीन बंद करण्यापुरता वेळ दिला. नकाशा फाइल होती म्हणून सकाळी तिथूनच पुढे सुरू. शेवटी 23 एमबी वाचलंच नाही.

पुढचं सगळं काम त्या कॉपीवर, मूळ डिस्क बंद. टेस्टडिस्कमध्ये फोल्डर नावांसकट दिसले. नसते दिसले तर फोटोरेक होतं, पण ते फाइलची नावं परत देत नाही, फोटोंचा नुसता ढीग देतं. आजोबांची फाइल उघडेपर्यंत मला भरवसा नव्हता, कारण बरेच कॅमेरे एमपी4ची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी लिहितात. ती गेली तर फाइल पूर्ण असूनही प्लेअर उघडत नाही.

उघडली. मध्ये एका जागी चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं आणि दोन सेकंद आवाज जातो. नेमका नातीचं नाव घेतात तिथे.

मामा म्हणाला, तेवढं कापून जोडून देतो, कळणार नाही कुणाला. नवरीच्या वडिलांनी स्टुडिओत बसून दोनदा बघितलं आणि म्हणाले, "कापू नका. आहे तसंच द्या."

ती जुनी डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मामा परत मागत नाही. एसएसडीचं गणित मात्र पूर्ण वेगळं, तिथे डिलीट केलेलं बऱ्याचदा खरंच जातं. ते पुढच्या भागात बोलू.