एकोणीस की एकोणतीस?



मी घाटकोपरला राहतो. मुंबई विमानतळावर पूर्वेकडून उतरणारी विमानं आमच्या भागावरून जातात. इतकी खाली आलेली असतात की गच्चीवरून त्यांची उघडलेली चाकं दिसतात. नवा पाहुणा दचकतो. आम्ही मात्र बोलता बोलता थांबतो, विमानाला जाऊ देतो आणि वाक्य जिथं तुटलं तिथून पुढं सुरू करतो.

सकाळी बागेत फिरताना एक गृहस्थ भेटतात. हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सारी नोकरी झाली, आता निवृत्त आहेत. मी त्यांना ‘साहेब’ म्हणतो, ते मला ‘कविराज’ म्हणतात. एकदा डोक्यावरून विमान गेलं तेव्हा मी म्हणालो, ‘‘साहेब, याला सुखरूप उतरवणं म्हणजे केवढं अवघड काम!’’ ते म्हणाले, ‘‘कविराज, इथं ते आम्हाला दिसतं, ऐकूही येतं. ते अरबी समुद्रावर असतं ना, तेव्हाची गोष्ट वेगळी.’’

ती गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

वैमानिक आणि नियंत्रक एकमेकांशी रेडिओवर बोलतात हे आपल्याला माहीत असतं. जमिनीजवळ हे बोलणं स्वच्छ ऐकू येतं. पण या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी आहे गोल. पस्तीस हजार फुटांवरचं विमानही किनाऱ्यापासून साधारण साडेतीनशे-चारशे किलोमीटर दूर गेलं की या रेडिओच्या टप्प्याबाहेर जातं. मुंबईच्या नियंत्रकांकडे तर अरबी समुद्रावरचं फार मोठं आकाश आहे. मस्कत, मोगादिशू, सेशेल्स यांच्या हद्दींना ते भिडतं. एवढ्या लांब बोलायचं तर दुसऱ्या प्रकारच्या लहरी लागतात. त्या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात. त्या हजारो मैल जातात, पण सोबत खरखर, शिट्ट्या आणि कुणाकुणाचे आवाज घेऊन येतात. त्या खरखरीतून आकडे ओळखायचे, उंची ओळखायची, वेळ ओळखायची.

जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्या ‘पुस मॉथ’ विमानात रेडिओच नव्हता. आकाशात ते एकटे होते. आज मुंबईत दिवसाला सुमारे नऊशे विमानं चढतात-उतरतात. आता कुणालाही एकटं राहणं परवडत नाही, आणि चुकीचं ऐकणं तर मुळीच नाही.

चुकीचं ऐकल्याची किंमत मोठी असते. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफ बेटाच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. एका विमानाचा वैमानिक उड्डाणाला निघाला होता. नियंत्रकानं त्याला थांबायला सांगितलं, त्याच क्षणी दुसऱ्या विमानानंही ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असं कळवलं. दोन आवाज एकाच वेळी आले आणि पहिल्या वैमानिकाच्या कानात नुसती शिट्टी वाजली. आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर झाली. 349 जणांचा बळी गेला. एकाला पंधरा हजार फुटांवर राहायचं होतं, दुसऱ्याला चौदा हजार फुटांवर. वरचं खाली आलं. त्या विमानातल्या कर्मचाऱ्यांचं इंग्रजी कच्चं असल्याचा मुद्दा चौकशीत पुढं आला.

म्हणून वैमानिकांच्या बोलण्याला कडक शिस्त आहे. आकडा सुटा सुटा बोलायचा. ‘नाइन’ म्हणायचं नाही, ‘नायनर’ म्हणायचं, कारण खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच वाटतात. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की, मिळालेली सूचना वैमानिकानं पुन्हा म्हणून दाखवायची आणि नियंत्रकानं ती कान देऊन ऐकायची. आपण मुशायऱ्याला जातो तेव्हा शायरानं म्हटलेली ओळ श्रोते उचलून पुन्हा म्हणतात. शायराला कळतं, ओळ पोहोचली. तसंच हे.

साहेबांनी हे सांगितलं आणि मी त्या दिवशी फिरणं अर्धवट सोडून बाकावर बसलो.

1993 सालची गोष्ट. माझा थोरला भाऊ मस्कतला फिटर होता. आम्ही त्याला भाई म्हणतो. अब्बा गावी होते, खेडजवळ. त्यांची तब्येत बरी नव्हती. आमच्या घरी फोन नव्हता. खालच्या किराणा दुकानात फोन यायचा आणि दुकानातला पोऱ्या हाक मारायचा. एका रात्री मी धावत खाली गेलो. लाइनवर खरखर होती, आपलाच आवाज मागून परत ऐकू येत होता. भाई म्हणाला, रजा मिळाली. कधी येतोस, मी विचारलं. मला ऐकू आलं, ‘एकोणीस’. ‘ठीक आहे,’ मी म्हणालो, आणि लाइन तुटली.

मी गावी निरोप धाडला. अब्बा एस.टी.नं मुंबईला आले. आजारी माणूस, रात्रभरचा प्रवास, पण मुलाला उतरून घ्यायला स्वतः जायचं होतं. एकोणीस तारखेच्या रात्री आम्ही सहारला कठड्यापाशी उभे होतो. मस्कतचं विमान आलं. सामानाच्या ढकलगाड्या, गळाभेटी, रडणं, सगळं झालं. भाई आला नाही. पुढच्या विमानाचे लोकही बाहेर पडले. फजरची वेळ झाली तेव्हा अब्बा म्हणाले, ‘‘चल, बाळा. त्याला सुट्टी मिळाली नसेल.’’

त्यांना मुंबईत करमत नसे. दोन दिवस थांबून ते गावी परतले. सव्वीस तारखेला त्यांना झटका आला आणि वाचा गेली. भाई एकोणतीसला आला, तसाच गावी गेला. अब्बांनी त्याला ओळखलं, त्याचा हात धरून ठेवला. पण दोघांचं बोलणं झालं नाही. पुढच्या महिन्यात अब्बा गेले.

एकोणीस आणि एकोणतीस यांच्यात एका अक्षराचं अंतर आहे. ते अक्षर समुद्रात कुठं पडलं, की माझ्या कानात? मी कितीतरी वर्षं म्हणत आलो, भाई एकोणीसच म्हणाला होता. भाई म्हणत आला, मी एकोणतीस म्हणालो. उघड भांडण झालं नाही, पण ईदला गावी गेलो की जेवताना ते मध्ये बसलेलं असायचं. त्या फोनची नोंद कुठंच नव्हती.

आता पुन्हा समुद्रावरच्या विमानाकडे वळू. खरखरीवर उपाय म्हणून काय झालं? बोलण्याऐवजी लिहायचं ठरलं. 1983 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं भविष्यातल्या हवाई व्यवस्थेचा विचार करायला एक समिती नेमली. 1995 मध्ये बोइंग 747-400 विमानांवर दक्षिण पॅसिफिक महासागरात ही पद्धत वापरात आली. तिला ‘डेटालिंक’ म्हणतात. अरबी समुद्रावरही आज मुंबईचे नियंत्रक ती वापरतात.

वैमानिक आपल्या यंत्रात मुंबईची चार अक्षरी खूण टाकतो, व्ही-ए-बी-एफ. विमान आणि केंद्र एकमेकांना ओळखतात. मग नियंत्रकाचा संदेश उपग्रहामार्फत विमानात जातो. किनाऱ्याजवळ असेल तर जमिनीवरच्या रेडिओकेंद्रामार्फत. विमानात घंटी वाजते, पडद्यावर अक्षरं उमटतात. ‘छत्तीस हजार फुटांवर चढा आणि तिथं राहा.’ एका वेळी एकाच केंद्राला आज्ञा देण्याचा अधिकार असतो, दोन मालक नाहीत. शिवाय विमान आपण कुठं आहोत हे ठरावीक वेळानं आपोआप कळवत राहतं.

कवी म्हणून मला गंमत वाटली ती तिथल्या भाषेची. बहुतेक वाक्यं आधीच ठरलेली आहेत आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक आहे. ‘अमुक उंचीवर चढा’ हे नियंत्रकाचं वाक्य वीस क्रमांकाचं. वैमानिकाच्या उत्तरांत शून्य क्रमांक ‘विल्को’चा, म्हणजे समजलं आणि तसं करतो. एक म्हणजे जमणार नाही. दोन म्हणजे थांबा, सांगतो. मनानं वाक्य लिहिण्याची सोय आहे, पण ती शक्यतो वापरू नये असा संकेत आहे. कवीच्या पोटावर पाय देणारीच ही व्यवस्था! पण पडद्यावरचा आकडा दोनदा, तीनदा वाचता येतो. कुणाचा उच्चार कसा आहे याला महत्त्व उरत नाही. दोन माणसं एकाच वेळी बोलली म्हणून शिट्टी वाजत नाही. आणि काय म्हटलं, कधी म्हटलं, याची नोंद राहते.

मी साहेबांना म्हणालो, ‘‘मग आवाज कशाला हवा? सगळंच लिहून का नाही सांगत?’’

ते हसले. म्हणाले, ‘‘तुमच्या घाटकोपरवरचं विमान बघा. त्याला ‘आत्ता वळ’ म्हटलं की आत्ता वळायचं असतं. तिथं लिहीत बसायला वेळ नाही. लिहिलेला संदेश जायला, वाचायला, उत्तर यायला वेळ लागतो. समुद्रावर तेवढा वेळ असतो. घाईचं आणि संकटाचं काम आजही आवाजावरच चालतं.’’

थोडं चालून झाल्यावर ते पुन्हा बोलले. ‘‘आणखी एक आहे. रेडिओवर एक बोलतो तेव्हा सगळे ऐकतात. पुढच्याला हादरे बसले, तर मागच्याला न सांगता कळतं. कुणाचा आवाज थकलेला आहे, कोण गोंधळलाय, हे आम्हाला ऐकून कळायचं. ‘विल्को’चं बटण सगळ्यांचं सारखंच असतं हो.’’

तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. लिहिलेला शब्द चुकत नाही असं नाही. चुकीचा आकडाही अगदी स्वच्छ अक्षरांत लिहिता येतो. बटण दाबलं म्हणजे समजलं असंही नाही. आपणही हल्ली मोबाइलवर अंगठा पाठवतो आणि सुटतो. पण लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, तारीख चुकली तर दाखवता येते. आवाज मात्र त्या माणसाला सोबत घेऊन येतो. विमानवाल्यांनी दोन्ही ठेवलं. जे थांबू शकतं ते लिहायचं, जे थांबू शकत नाही ते बोलायचं, आणि बोललेलं पुन्हा म्हणून दाखवायचं.

भाई आता गावीच असतो. सत्तरीला आला आहे. परवा त्याला फोन केला आणि बाकावर बसून जे सुचलं होतं ते सांगितलं. म्हणालो, ‘‘भाई, तुझं काय चुकलं ते मला माहीत नाही. माझं एक नक्की चुकलं. मी तारीख परत म्हणून दाखवली नाही. नुसतं ‘ठीक आहे’ म्हणालो.’’

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. लाइन स्वच्छ होती, म्हणून ती शांतता मला नीट ऐकू आली.

मग तो म्हणाला, ‘‘मी तरी कुठं विचारलं, काय ऐकलंस म्हणून?’’

पुढच्या महिन्यात तो माझ्याकडे येतोय. गाडीचा दिवस त्यानं लिहून पाठवला आहे. तरीही मी फोन केला आणि तारीख सुटी सुटी म्हणून दाखवली. ‘‘दोन, चार. चोवीस.’’

‘‘बरोबर,’’ भाई म्हणाला.