अंगचा गुण आणि गोरोबाकाकांचं थापटणं



मांडवगण फराट्याच्या सप्ताहात हे बोलणं झालं. मांडवात बसलेल्यांनी ते कानानं ऐकलं, तुम्ही आता डोळ्यांनी वाचताय. तिथं मृदंगाची साथ होती, मागं टाळकरी होते, एखादं वाक्य निसटलं तर पुढच्या चालीत सावरून घेता येत होतं. कागदावर ती सोय नाही. म्हणून सावकाश वाचा. मधे चहाला उठायचं असेल तर खुशाल उठा.

विषय गुणाचा आहे. तुमच्या स्वतःच्या गुणाचा.

माणसाला विचारा, 'बाबा, तुझ्यात दोष काय?' लगेच चार सांगेल. राग येतो, आळस आहे, तंबाखू सुटत नाही. आता विचारा, 'गुण काय?' तिथं गप्प. बायाबापड्या तर पदर तोंडाला लावतात, 'आमच्यात कसला आलाय गुण, महाराज!' ह्याला आपण नम्रता म्हणतो. मला काही ते पटत नाही. घरात कणगी भरलेली आणि मालक शेजारी पायलीभर उसनं मागायला निघाला, तर त्याला कुणी नम्र म्हणेल का? घरात काय आहे ते त्यानं झाकण उघडून पाहिलेलंच नाही.

भगवंतांनी गीतेच्या सोळाव्या अध्यायात गुणांना काय नाव दिलंय? दैवी संपत्ती. संपत्ती हा शब्द बघा हं! सातबाऱ्यावर न लागणारी, भावकीत वाटणी न होणारी संपत्ती. पहिल्या तीन श्लोकांत मोजून २६ गुण आहेत, आणि पहिला मान अभयाचा. माउलींनी १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा ह्या गुणांपाशी ते एकेक करून थांबले, प्रत्येकाला दृष्टांत दिला. घाई केली नाही.

परवा एका शिक्षिकेनं मला सांगितलं की अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, पीटरसन आणि सेलिगमन त्यांची नावं, २००४ साली असाच एक जाडजूड ग्रंथ काढला. मनाच्या आजारांची यादी तयार होती, मनाच्या बळाची कुणी नीट केली नव्हती, म्हणून त्यांनी ती केली. २४ गुण. त्यात प्रामाणिकपणा आहे, चिकाटी आहे, कृतज्ञता आहे, आणि विनोदबुद्धीसुद्धा आहे. आपले २६, त्यांचे २४. दोनासाठी भांडू नका. त्यांचं एक म्हणणं मात्र घेण्यासारखं आहे. सगळे गुण थोडेथोडे सगळ्यांत असतात, पण त्यातले मोजके ज्याच्या त्याच्या अंगी ठसठशीत असतात. ते ओळखावेत आणि रोजच्या कामात वापरावेत.

आपल्या संतमंडळीत हेच दिसतं. अरणला सावतोबा, तेरला गोरोबा, मंगळवेढ्याला चोखोबा, नामदेवांच्या घरी जनाबाई. एकासारखा दुसरा नाही. सावतोबांनी मळा सोडला नाही आणि जनाबाईंनी जातं सोडलं नाही. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो, कारण फार लोक इथंच पाय घसरून पडतात. सावतोबांचा गुण म्हणजे त्यांचा माळी असणं नव्हे. गुण म्हणजे हातातल्या कामात देव दिसेपर्यंत टिकणारं लक्ष. चोखोबांना देवळाच्या आत येऊ दिलं नाही, ते ज्यांनी ठरवलं ते जन्मावरून ठरवलं. चोखोबांचं धैर्य त्यांना दिसलंच नाही. गुण जातीवरून ठरतो असं सांगणारा कुणी भेटला, तर तो कितीही गोड बोलत असो, तिथून उठून यावं.

मोठ्या गुणाच्या शेजारी उभा असलेला गुण तर कुणालाच दिसत नाही. तुकोबाराय सगळ्यांना ठाऊक. पण चाकणचे संताजी जगनाडे? घरचा व्यवसाय तेलाचा. हिशेबापुरतं लिहिता-वाचता येत होतं, असं परंपरा सांगते. तुकोबांचे अभंग त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून ठेवले. त्यांच्या हातची वही पुढं गाथा छापणाऱ्यांच्या कामी आली. आता घरी बसून संताजी म्हणाले असते, 'मला काही अभंग सुचत नाही, माझ्यात गुण नाही,' तर? ऐकायचं, जपायचं, चुकू न देता उतरवायचं, हा गुण आहे की नाही? सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे, देहूला जाताना वाट थोडी वाकडी करून जाऊन या.

आता मुख्य कथा. तुम्ही ती शंभरदा ऐकली असेल. एकशेएकाव्यांदा ऐका.

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतांचा मेळा जमला. ज्ञानोबा, निवृत्तिनाथ, सोपानकाका, मुक्ताबाई, नामदेवराय, सगळे बसलेले. मुक्ताबाई वयानं सगळ्यांत लहान, नजर सगळ्यांत तीक्ष्ण. कोपऱ्यात लाकडाचं थापटणं पडलं होतं. तिनं विचारलं, 'काका, हे कशाला?' काका म्हणाले, 'ह्यानं मडकं कच्चं का पक्कं ते कळतं.' मुक्ताई म्हणाली, 'मग ही एवढी मडकी बसली आहेत, तीही बघा की!' काका उठले. एकेकाच्या डोक्यावर थापटणं बसू लागलं. बाकीचे शांत. नामदेवरायांच्या डोक्यावर बसलं मात्र, ते रागावले. पाहुण्यांना बोलावून मारता? काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं आहे.

इथं बहुतेक कीर्तनकार नामदेवरायांच्या अहंकारावर अर्धा तास घेतात. मी नाही घेत. मला विचारायचंय ते वेगळंच. नामदेवरायांच्या ठिकाणी गुण नव्हता का? विठ्ठलावर इतकं प्रेम की देवानं नैवेद्य खाल्ला पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलेलं पोर ते! प्रेम हाच त्यांचा ठसठशीत गुण. कच्चं काय होतं, तर ते प्रेम 'माझा विठोबा' इथवर येऊन थांबलं होतं. पुढं ते विसोबा खेचरांकडं गेले, देव नाही अशी जागा नाही हे त्यांना उमजलं. मग काय झालं? प्रेम सोडलं? छे! तेच प्रेम घेऊन माणूस पंजाबात पोचला. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान गाव आहे, तिथं आजही नामदेवबाबांचं स्थान आहे. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदं आहेत. गुण तोच, माती तीच, फक्त आव्यात भाजली गेली.

म्हणून दोन गोष्टी लक्षात घ्या. आपलं मडकं आपल्याला वाजवून बघता येत नाही, थापटणं दुसऱ्याच्या हातात असावं लागतं. आणि ज्याला गुण म्हणतो तोच कच्चा राहिला तर घरादाराला त्रास देतो. खरं बोलणारा माणूस जेवणाच्या पंगतीत चार जणांसमोर सुनेला खरं सुनावतो, तेव्हा तो सत्यवादी असतोच, पण जेवण कुणाला गोड लागत नाही. गावभर मदतीला धावणारा असतो, त्याच्या घरी दळण चार दिवस तसंच पडलेलं असतं. धीट माणसाचा धीटपणा बांधाच्या भांडणात खर्च होतो आणि पुढं कोर्टात जातो.

तुम्ही उसाच्या पट्ट्यातली माणसं, तुम्हाला हे गुऱ्हाळावर सांगितलं म्हणजे पटेल. कढईत रस उकळतोय. मळी काढली, रंग आला, फुगे बदलले. गुळव्या काय करतो? थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी होते का बघतो. आधी उतरवला तर गूळ बसत नाही, पातळ राहतो. उशीर केला तर करपतो. ऊस तोच, गोडी तीच. कधी उतरवायचं हे कळणं, ह्याचे त्याला पैसे मिळतात. आपल्या गुणाचंही तसंच आहे. गोडी आहे म्हणून दिवसभर जाळ घालत बसायचं नसतं.

गुण जुना असला तरी जागा नवी असू शकते, त्याचं उदाहरण आषाढात आपल्या डोळ्यांसमोरून चालत जातं. हैबतबाबा आरफळकर. सातारकडचे, शिंद्यांच्या पदरी सरदार. उमेद सगळी फौजेत गेली. पुढं आळंदीला येऊन माउलींच्या पायाशी राहिले. आता सरदाराला काय येतं? छावणी हलवता येते. कुणी पुढं, कुणी मागं, तळ कुठं, कर्णा कधी, हे त्याला येतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं. रथापुढं २७ दिंड्या, रथामागच्या दिंड्यांचाही क्रम ठरलेला. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार चोप वर करतो आणि एवढा अफाट समाज गप्प होतो. ही शिस्त कुठली? लष्करातली! त्यांनी ती टाकून दिली नाही, माउलींच्या रथाला जुंपली. महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. तिच्यावर डोकं ठेवताना एवढं आठवा की निवृत्त झालेल्या माणसाचं हे काम आहे. साठी झाली, आता आपला काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांनी तर जरूर आठवा.

'महाराज, माझा गुण मी ओळखू कसा?' तक्ते भरायची गरज नाही. सप्ताहाच्या दिवशी तुम्ही मंडपात आलात की तुमचे पाय कुणी न सांगता कुठं वळतात, ते बघा. एक जण थेट पंगतीत वाढायला घुसतो. एक जण वर्गणीच्या वहीपाशी बसतो, एक रुपया चुकू देत नाही. एक बाई म्हाताऱ्यांना भिंतीकडंची जागा करून देते. एखादं पोरगं माईकची वायर दुरुस्त करत बसतं, कीर्तन ऐकतच नाही, पण त्याच्यामुळं पाचशे जणांना ऐकू येतं. आणि तुम्हाला राग कशाचा येतो तेही बघा. पसारा दिसला की ज्याचं डोकं उठतं, त्याच्या अंगी टापटीप आहे. कुणाला टाकून बोललेलं ज्याला सहन होत नाही, त्याच्या पोटात दया आहे.

तरीही कळलं नाही तर विचारा. ज्यानं तुमच्याबरोबर आजारपण काढलंय, उधारी काढलीय, अशा माणसाला विचारा.

आता आपल्याकडची एक रीत बोलून दाखवतो, रागावू नका. दशक्रियेच्या प्रवचनाला मी भीमेच्या घाटावर कितीतरी वेळा उभा राहिलोय. काकस्पर्शाची वाट बघत माणसं बसलेली असतात आणि एकेक जण उठून बोलतो. अण्णा कसे शब्दाचे पक्के होते. आत्यानं कशी कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. भाऊ भाऊ हमसून रडतात. मी शेजारच्याला हळूच विचारतो, 'हे अण्णांना कधी सांगितलं होतंत का?' तो मान खाली घालतो. चाळीस वर्षं एका बांधाला राहिले, आणि गुण सांगायला मुहूर्त निघाला तो दहाव्याचा!

मांडवगणला त्या रात्री कीर्तन आटोपल्यावर एक बाई थांबून राहिल्या. पन्नाशीच्या असतील. नदीपलीकडून आल्या होत्या. म्हणाल्या, "महाराज, सगळ्यांचं सांगितलंत, माझ्या पोराचं सांगा. चार वेळा स्पर्धा परीक्षेला बसला, चारही वेळा गेली. आता खोलीतून बाहेर येत नाही. त्याचे वडील रोज म्हणतात, ह्याच्यात काही गुणच नाही. खरंच नसतो का हो एखाद्यात?"

मी विचारलं, "ताई, दिवसभर करतो काय?"

"काय करणार? सासरे दोन वर्षं अंथरुणात आहेत, त्यांचं बघतो."

"बघतो म्हणजे?"

"कूस बदलतो. पाठीला तेल लावतो, फोड येऊ देत नाही. हगणंमुतणं काढतो. गोळ्या वेळेवर देतो, कागदावर लिहून ठेवलंय त्यानं. सासरे दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाहीत. रात्री दोनदा उठतो." आणि वर म्हणाल्या, "रिकामाच बसलेला असतो ना, म्हणून करतो."

मी काहीच बोललो नाही. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. पदर डोळ्याला गेला.

बराच वेळानं म्हणाल्या, "मग आता घरी गेल्यावर त्याला काय म्हणू, महाराज?"

मी म्हटलं, "आत्ता मला जे सांगितलंत तेच सांगा. शेवटचं वाक्य तेवढं गाळा. आणि त्याच्या वडिलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा."

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल.