लाउडस्पीकरची पेटी आणि आपला धंदा
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुतारांच्या मेळाव्यात लाउडस्पीकरचा विषय कशाला, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु शहरांतून आपले कित्येक कारागीर आज लाउडस्पीकरच्या पेट्याच करीत आहेत. माप व्यापारी देतो, पेटी आपण करतो आणि नावाची पट्टी त्याची लागते. ही पेटी म्हणजे नुसते आच्छादन नव्हे, तो ध्वनियंत्राचा अर्धा भाग आहे; आणि तिचे माप ठरविण्याची विद्या आपणांस अप्राप्य नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

१९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी जो लाउडस्पीकर सिद्ध केला, तोच थोड्याफार फरकाने आजही प्रचारात आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्यास जोडलेला शंकू, एवढीच त्याची रचना. शंकू पुढे सरला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा फार लांब असतात. सेकंदास ५० कंपनांची लाट जवळजवळ ७ मीटर भरते. ती शंकूला सहज वळसा घालते, मागची लाट पुढचीला गिळते आणि खर्ज नाहीसा होतो. पेटी हवी ती ही मागची लाट कोंडण्यासाठी.

मात्र कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूस रेटते. शंकू आणि पेटी यांच्या या संसाराचे गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी त्याचा विस्तार केला. समजा, शंकूची मोकळी कंपनसंख्या ४० आहे आणि त्याच्या लवचिकतेच्या तोडीची हवा ३० लिटर आहे. हे आकडे उत्पादकाच्या पत्रकात छापलेले असतात. १० लिटरच्या बंद पेटीत ती कंपनसंख्या ८० होते. १० लिटर म्हणजे आतून २० × २० × २५ सेंटीमीटर. आता हेच माप १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडात कोणी बाहेरून धरले, तर आत पावणेसहा लिटरच उरतात आणि कंपनसंख्या १०० च्या घरात जाते. गिऱ्हाईक म्हणते, खर्ज नाही. आणि बोल लागतो तो बिचाऱ्या शंकूला!

लाकडाविषयी आपणांस अभिमान आहे, पण येथे तो थोडा आवरावा लागेल. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा बोलला पाहिजे. ही पेटी मुकी राहिली पाहिजे. भरीव सागवान दिसते राजबिंडे, परंतु पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि एखादा सांधा उघडला की हवा गळते. त्यापेक्षा प्लायवुड बरे. जाड भिंत तेवढी चांगली, हीही समजूत पुरती खरी नाही. बीबीसीच्या संशोधन विभागाने बर्चच्या पातळ प्लायवुडास आतून जड थर चिकटवून भिंतींचा नाद मारला, आणि त्या पद्धतीच्या पेट्या आजही नावाजल्या जातात.

शंकू व चुंबक स्वतः तयार करण्याच्या भरीस नवशिक्याने पडू नये. साचे आणि यंत्रे यांतच भांडवल बुडेल. इंग्लंडात गिल्बर्ट ब्रिग्ज या कापडधंद्यातील गृहस्थाने १९३२ साली इल्कली येथे घराच्या तळघरात लाउडस्पीकर बनविण्यास आरंभ केला आणि त्यातून व्हार्फडेल ही ख्यातनाम कंपनी उभी राहिली, हे खरे. पण तो काळ निराळा होता. आज चांगला शंकू विकत मिळतो. आपण पैसा घालावा तो मोजमापाच्या मायक्रोफोनात. तो संगणकास जोडला की जे कानास नुसते खटकते, त्याचा आलेख समोर उमटतो.

आणि पहिली उत्तम साधलेली जोडी विकू नये. कितीही गिऱ्हाइके आली तरी ती कारखान्यात ठेवावी आणि पुढची प्रत्येक जोडी तिच्या शेजारी वाजवूनच बाहेर पाठवावी.

मंडपाच्या दाराशी एकाच मापाच्या दोन पेट्या ठेविल्या आहेत. एकीच्या भिंतींना आतून थर दिला आहे, दुसरीच्या नाही. भोजनोत्तर सवड असेल त्यांनी त्या बोटाने ठोकून पाहाव्यात. मागचे स्क्रू काढून आत डोकावण्यासही माझी हरकत नाही.