खुरकूत आणि तीन मण्यांची खूण

श्रोतेहो, प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. पेशींना जागच्या जागी धरून ठेवणारे फायब्रोनेक्टिन हे असेच एक प्रथिन. १९८४ साली अमेरिकेत पिअर्सबाकर व रुओस्लाती यांनी दाखवले, की त्याच्या चिकटण्याचे मर्म अवघ्या तीन मण्यांत आहे : आर्जिनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल. पेशीच्या अंगावरची इंटिग्रिन प्रथिने ही खूण ओळखून तिला धरतात.

पण हीच खूण चोराच्याही अंगावर असते! लाळ्या-खुरकुताचा विषाणू ती घेऊन येतो. जनावराची पेशी त्याला धरते अन् आत घेते. लस टोचलेली असली, की रक्तातली बरीच प्रतिपिंडे नेमकी त्या खुणेपाशी बसतात, आणि विषाणूला पेशीवर पकड मिळत नाही. तेव्हा मंडळी, दर सहा महिन्यांची लस चुकवू नका.