कलाग्रंथांना आश्रय कोणाचा?

चित्र, शिल्प, संगीत, नाट्य अशा विषयांवरचे ग्रंथ काढणाऱ्या लहान प्रकाशकाची अडचण थोडक्यात सांगता येते. छायाचित्रे, संपादन आणि रंगीत छपाईची पूर्वतयारी यांचा खर्च तीनशे प्रती काढा की तीन हजार, तेवढाच राहतो. वाचक मात्र तीनशेच असतात. म्हणून केवळ विक्रीवर हा व्यवसाय उभा राहत नाही; त्याला दुसरा आधार शोधावाच लागतो.

पूर्वी तो राजाश्रयाचा होता. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१६ साली, राजशेखराच्या काव्यमीमांसेने बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. अभिनवगुप्ताच्या टीकेसह भरताचे नाट्यशास्त्र याच मालेत चार खंडांत निघाले. पहिला खंड १९२६ चा, चौथा १९६४ चा. मधल्या काळात महाराज निवर्तले आणि १९४९ साली बडोदे संस्थानही विलीन झाले. पण ग्रंथ अपुरा राहिला नाही. ते काम प्राच्यविद्या मंदिराकडे होते आणि ते मंदिर नव्या विद्यापीठात सामील झाले. दाता गेला तरी काम चालावे, अशी व्यवस्था आधीच झालेली असावी लागते, हा यातला बोध.

दुसरा आधार उद्योगपतींचा. मुल्कराज आनंद यांनी १९४६ साली मुंबईत 'मार्ग' हे कलाविषयक नियतकालिक काढले, ते टाटांच्या पाठबळावर. आता २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चावे लागतात, आणि कला व सांस्कृतिक वारसा यांचे जतन त्या कार्यांच्या यादीत आहे. परंतु हा पैसा खासगी दुकानदारीसाठी नाही. त्यासाठी रीतसर नोंदलेला न्यास किंवा संस्था लागते. तेव्हा ज्या प्रकाशकाला ही वाट धरायची असेल, त्याने जुन्या कलाकृतींची छायाचित्रे, नोंदी व संशोधन यांचे काम न्यासाकडे सोपवावे आणि विक्रीचा हिशेब निराळा ठेवावा. तरीही हे द्रव्य कायमचे समजू नये. नफा आटला की पहिली कात्री बहुधा अशाच खर्चाला लागते.

तिसरा आधार वाचकांचा. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि तेवीस खंड पुरे केले. आज इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथे विखुरलेल्या रसिकांपर्यंत एका दिवसात आवाहन पोहोचवता येते. छपाईपूर्वीच दोनशे जणांनी मूल्य भरले, तर कागदाची चिंता मिटते. शिवाय ग्रंथ कोणाला हवा आहे तेही कळते. मात्र ठरल्या मुदतीत ग्रंथ हाती पडला पाहिजे. एकदा गेलेला विश्वास दुसऱ्या वर्गणीला परत येत नाही.

माझ्या मते, या तिघांपैकी एकावरच विसंबणे धोक्याचे. संशोधनास न्यास, छपाईस वर्गणीदार आणि पुढील ग्रंथास विक्री, अशी वाटणी असली, तर एकाचा हात आखडला तरी काम थांबत नाही. आणि काय छापावे, हा निर्णय संपादकाच्याच हाती राहतो. तो हातचा गेला, तर पैसा मिळूनही ग्रंथ गमावल्यासारखेच होईल.