सगळं घर ग्रीक शिकतं तेव्हा



असं एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील जहाजावर इंजिनिअर होते, आता त्यांना अथेन्सला लागून असलेल्या पिरेअस बंदरातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी मिळाली आहे. बरोबर आई आहे, 12 वर्षांचा मुलगा, 7 वर्षांची मुलगी आणि आजी. पाचही जणांना ग्रीक लागणार आहे, पण प्रत्येकाला वेगळ्या कामासाठी. वडिलांचं कचेरीत इंग्रजीवर भागेल. मुलांचं शाळेत भागणार नाही. बाजार, डॉक्टर, शेजार हे सगळं आई आणि आजीच्या वाट्याला येणार.

अशा घरात बहुधा काय होतं? एक पुस्तक आणलं जातं आणि रात्री जेवणं झाली की सगळे त्याभोवती बसतात. मुलगा भराभर पुढे जातो, धाकटीला झोप येते, आजी गप्प होतात. महिन्याभरात पुस्तक कपाटात. एकत्र शिकायचं म्हणजे सगळ्यांनी एकच धडा गिरवायचा, ही समजूत आधी काढून टाका. धडे ज्याचे त्याने आपापल्या वेगाने करावेत. एकत्र करायचं ते असं की, घरातलं रोजचं एखादं काम ठरवून ग्रीकच्या स्वाधीन करायचं. मी सकाळचा नाश्ता सुचवतो. रोज तेच पदार्थ, तीच भांडी, तीच माणसं, त्यामुळे तीच वाक्यं आपोआप पुन्हा पुन्हा येतात.

पाव हवा आहे. 'दोसे मू तो प्सोमी', मला पाव दे. त्यापुढे 'से पाराकालो', म्हणजे कृपया. पाणी हवं तर 'प्सोमी'च्या जागी 'नेरो', दूध हवं तर 'गाला'. एवढ्या एका वाक्यावर पहिला आठवडा निघतो. नियम एकच ठेवा: टेबलावरची वस्तू ग्रीकमध्ये मागितली तरच मिळेल, आणि चुकीचं मागितलं तरी मिळेल. चूक सुधारायला मध्येच थांबवायचं नाही. देणाऱ्याने देताना बरोबर रूप उच्चारावं, 'ओरिस्ते, तो नेरो', हे घे पाणी. आजी ते ऐकतील आणि दोन दिवसांनी स्वतःच सुधारतील.

मी 'नेरो' न म्हणता 'तो नेरो' म्हटलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ग्रीकमध्ये नामाच्या आधी त्याचं लिंग सांगणारा छोटा शब्द येतो: पुल्लिंगाला 'ओ', स्त्रीलिंगाला 'ई', नपुंसकलिंगाला 'तो'. इथे मराठी माणसाची जमेची बाजू मोठी आहे. हिंदीत दोन लिंगं, इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही, पण मराठीने तिन्ही राखली आहेत आणि ग्रीकनेही. पाणी, दूध, घर, पुस्तक, मूल हे आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि ग्रीकमध्येही नपुंसकलिंगी. मुलगीसुद्धा तिथे नपुंसकलिंगी, 'तो कोरीत्सी'. पण आपण 'पोरगं' म्हणतोच, त्यामुळे आजीला यात काही वावगं वाटणार नाही. समुद्र मात्र स्त्रीलिंगी, 'ई थालासा'. अडचण आहे ती 'तो' या आवाजाचीच. आपल्या कानाला 'तो' म्हणजे पुल्लिंग, आणि ही सवय सहज सुटत नाही. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नका, पहिल्या दिवसापासून त्याच्या आधीच्या शब्दासकट करा.

तू आणि तुम्ही हा फरकही ग्रीकमध्ये आपल्यासारखाच आहे. मुलाला 'या सू', डॉक्टरांना किंवा शेजारच्या वयस्कर बाईंना 'या सास'. हे आजींना समजावून सांगावं लागत नाही, इंग्रजीतून ग्रीककडे आलेल्यांना सांगावं लागतं.

आता उच्चार. ग्रीक प, त, क अगदी आपल्यासारखे, हवा न सोडता काढलेले. सांभाळायचे ते तीन-चार आवाज. 'थालासा'तला थ आपला थ नाही, जीभ दातांमध्ये ठेवून हवा सोडायची. 'दोसे'तला 'द'ही तसाच, जिभेचं टोक दातांमध्ये. त्यांचा ग बहुतेक वेळा गझल गाणारे काढतात तसा, घशातून घासत येणारा. सगळ्यात महत्त्वाचा तो जोर. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर दिला याने अर्थ सहसा बदलत नाही, ग्रीकमध्ये बदलतो. 'पोते' हा शब्द घ्या. 'पो'वर जोर दिला तर अर्थ 'केव्हा', 'ते'वर दिला तर 'कधीच नाही'. घरमालकाला नळ केव्हा दुरुस्त होणार हे विचारायचं असेल, तर हे आधी पक्कं करा. लिहिताना जोराच्या स्वरावर छोटी तिरकी रेघ असते. 1982 मध्ये जुन्या चिन्हांचा पसारा कमी करून ही एकच खूण ठेवली, त्यामुळे वाचणाऱ्याला ती सहज सापडते.

आणखी एक सापळा. होकाराचा शब्द आहे 'ने'. आपल्या कानाला तो नकारासारखा लागतो. नकार 'ओही', आणि पुष्कळदा तोही उच्चारत नाहीत, नुसती मान वर करून भुवया उडवतात. ते न कळल्याने नवखा माणूस दुकानात उत्तराची वाट पाहत उभा राहतो.

लिपीला घाबरू नका. अक्षरं 24 आहेत, आणि मुलाला त्यातली अल्फा, थीटा, पाय गणिताच्या पुस्तकातून ओळखीची आहेत. फक्त गणितातला बीटा तिथे 'वीता' होतो आणि त्याचा आवाज व. ग्रीक शब्द देवनागरीत लिहून ठेवायचा मोह पहिल्या पंधरवड्यानंतर आवरा, कारण देवनागरीत थ लिहिला की तोंडातूनही आपलाच थ येतो. धाकटीला रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावा: बसथांब्यावरचं 'स्तासी', दारावरचं 'एक्सोदोस', औषधाच्या दुकानावरचं 'फार्माकीओ'. वाचन तसं सरळ आहे. लिहिणं अवघड, कारण ई हा एकच आवाज पाच-सहा प्रकारांनी लिहितात. ज्यांनी शुद्धलेखनातल्या ऱ्हस्व-दीर्घाशी झुंज दिली आहे, त्यांना ही तक्रार नवी नाही.

आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून 'लाइकी'ला जावं. लाइकी म्हणजे आपल्या आठवडे बाजारासारखा वस्तीवस्तीत ठरलेल्या वारी रस्त्यावर भरणारा भाजीबाजार. भाजीवाले ओरडून भाव सांगत असतात, ते ऐकून आकडे पक्के होतात. प्रत्येकाने एकच वस्तू घ्यायची. 'पोसो कानी', केवढ्याला? 'एना किलो दोमातेस', एक किलो टोमॅटो. आजींना पुढे करा. वयस्कर बाईशी बोलायला तिथला विक्रेता वेळ काढतो, आणि पुस्तकात नसलेली चार वाक्यं त्या घरी घेऊन येतात.

घरात रेडिओ लावा. ग्रीसच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं नाव 'एर्त', आणि परदेशातल्या श्रोत्यांसाठी तिचं वेगळं केंद्र आहे, ते इंटरनेटवर लागतं. मी स्वतः हवामानाच्या बातम्या सुचवतो. वारा, पाऊस, समुद्र, गावांची नावं, आकडे. रोज तेच शब्द, आणि खरं-खोटं खिडकीतून बघता येतं.

आता जे सांगणार आहे ते आईवडिलांनी नीट ऐकावं. वर्षभरात मुलं तुमच्या पुढे जातील. ती शाळेत, मैदानावर दिवसभर तीच भाषा ऐकतात. ती तुमची चूक काढतील, ती काढू द्या. पण म्हणून त्यांना घरचे दुभाषे करू नका. घरमालकाशी भांडण, सरकारी कचेरी, आणि विशेषतः आजीचा आजार, या ठिकाणी 12 वर्षांच्या मुलाला मध्ये उभं करणं त्याच्यावर अन्याय आहे. जे मुलाने ऐकू नये ते त्याच्याच तोंडून वदवलं जातं. अशा वेळी ओळखीचा मोठा माणूस न्या. आणि नाश्ता ग्रीकमध्ये झाला तरी रात्रीचं जेवण मराठीतच होऊ द्या. भीती, राग, लाड हे मुलाला मराठीत बोलता आलंच पाहिजे.

वडील म्हणतील, या वयात कसं जमणार? त्यांना दिओनिसिओस सोलोमोस यांच्याविषयी सांगा. 1798 मध्ये झाकिन्थोस बेटावर जन्म, दहाव्या वर्षी इटलीला रवानगी, सगळं शिक्षण इटालियनमध्ये. 1818 मध्ये परतले तेव्हा कानात आईची बोली होती, पण कविता लिहीत ते इटालियनमध्ये. मग ते बसून ग्रीक शिकले, लोकांची गाणी ऐकत, बोलणं टिपत. 1823 मध्ये त्यांनी जे दीर्घ स्तोत्र लिहिलं, त्याची पहिली दोन कडवी आज ग्रीसचं राष्ट्रगीत आहेत. ते गेले तो दिवस, 9 फेब्रुवारी, ग्रीक भाषेचा दिवस म्हणून पाळतात.

परीक्षेचं विचाराल तर थेस्सालोनिकीच्या ग्रीक भाषा केंद्राची प्रमाणपत्र परीक्षा आहे, पहिल्या पातळीपासून वरपर्यंत. मुलाने आणि आईने ती जरूर द्यावी, पुढे उपयोगी पडते. आजींना तिची गरज नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पाठ करावं: जिथे दुखतं तिथे बोट ठेवायचं आणि म्हणायचं, 'पोनाओ एदो'. मला इथे दुखतंय. जोर 'ना'वर आणि 'दो'वर.